जमीन व्यवहारात वकील चुकला तर भरपाई कोण देणार?

आपल्याकडे जमिनीचा, फ्लॅटचा किंवा विहाराच्या जागेचा व्यवहार ठरला की एक वाक्य हमखास ऐकू येते, "कागदपत्रे वकिलांनी बघितली आहेत, काळजी करू नका." पण ते वकील कोणाचे आहेत, त्यांनी नेमके काय बघितले आणि त्यांची चूक झाली तर नुकसान कोण भरून देणार, हे सहसा कोणी विचारत नाही. पैसे अडकल्यावर हे प्रश्न पडतात, तोपर्यंत सह्या झालेल्या असतात. कायदा याबद्दल काय सांगतो, हे आपल्या तरुणांनी आणि कार्यकर्त्यांनी व्यवहाराआधीच समजून घेतले पाहिजे.

त्यासाठी सुरुवातीला लंडनमधील एक खटला पाहू. इंग्लंडमधील निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाहीत. पण वकिलाच्या जबाबदारीचा प्रश्न तिथे अगदी मुळापासून तपासला गेला आणि आपल्याकडे कोणते संरक्षण नाही, हेही त्यातून कळते.

लंडनचा ड्रीमवार खटला

२०१४ मध्ये ड्रीमवार या मालमत्ता विकासाचे काम करणाऱ्या छोट्या कंपनीने लंडनच्या अर्ल्स कोर्ट भागातील एक घर ११ लाख पौंडांना विकत घेतले. इंग्लंडच्या पद्धतीप्रमाणे खरेदीदाराचे वकील वेगळे आणि विक्रेत्याचे वकील वेगळे होते. ड्रीमवारच्या बाजूने मिशकॉन दे रेया ही मोठी वकिली संस्था होती. पैसे भरले गेले, विक्रेत्याच्या वकिलांनी ते आपल्या अशिलाला पोहोचवले. सरकारी नोंदणीत कंपनीचे नाव लागण्याआधीच उघड झाले की घर विकणारा माणूस मालक नव्हताच. खऱ्या मालकाच्या नावाची खोटी ओळखपत्रे दाखवून एका भामट्याने हा सौदा केला होता. तो हाती लागला नाही आणि पैसेही गेले. कंपनीने दोन्ही वकिली संस्थांवर दावा लावला.

२०१६ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितले की कंपनीच्या वकिलांनी हलगर्जीपणा केलेला नाही. तरीही भरपाई त्यांनीच द्यायची आहे. कारण अशिलाचे पैसे वकिलाकडे विश्वस्त म्हणून असतात आणि ते फक्त खऱ्या खरेदीसाठीच द्यायचे असतात. इथे खरी खरेदी झालीच नाही, म्हणजे विश्वासाने सोपवलेले पैसे चुकीच्या हाती गेले. प्रामाणिकपणे आणि योग्य रीतीने वागलेल्या विश्वस्ताला माफी देण्याचा अधिकार तिथल्या १९२५ च्या विश्वस्त कायद्यात न्यायालयाला आहे. पण न्यायाधीशांनी ती माफी नाकारली. त्यांचे म्हणणे असे की हे नुकसान छोट्या कंपनीला बुडवणारे आहे, वकिली संस्थेकडे मात्र विमा आहे.

१५ मे २०१८ रोजी अपील न्यायालयाने आणखी एक पाऊल पुढे टाकले. विक्रेत्याच्या वकिलांकडे खरेदीदाराचे पैसे आले होते आणि खरी खरेदी झाल्याशिवाय ते पुढे देण्याचा त्यांनाही अधिकार नव्हता, म्हणून तेही जबाबदार ठरले. खरेदीदाराच्या वकिलांची जबाबदारी कायम राहिली, मात्र त्यांना माफी द्यावी की नाही यावर तीन न्यायाधीशांत मतभेद होते आणि निर्णय बहुमताने झाला.

वकिलाची चूक दिसली म्हणजे भरपाई मिळतेच, असेही नाही. २०१७ मध्ये इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयासमोर दुसरे प्रकरण आले. एका माणसाने इमारत विकसित करण्यासाठी दोन लाख पौंड कर्जाऊ दिले. वकिलाने कागद चुकीचे केल्यामुळे पैसे बांधकामावर खर्च होतील असा त्याचा समज झाला. प्रत्यक्षात ते जुने कर्ज फेडायला गेले. चूक मान्य झाली, पण भरपाई मिळाली नाही. पैसे बांधकामावर खर्च झाले असते तरी तो प्रकल्प बुडणारच होता, म्हणजे नुकसान वकिलाच्या चुकीमुळे झाले नाही, असे न्यायालयाने ठरवले.

भारतात कोणते मार्ग आहेत?

आपल्याकडे ग्राहक न्यायालयाचा मार्ग बंद आहे. २००७ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने वकिलाची सेवा ग्राहक कायद्याखाली येते असे म्हटले होते. बार ऑफ इंडियन लॉयर्स या संघटनेच्या अपिलावर १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. न्या. बेला त्रिवेदी आणि न्या. पंकज मिथल यांच्या खंडपीठाचे म्हणणे असे की वकील अशिलाच्या सूचनेनुसार काम करतो, त्याच्या कामावर अशिलाचे थेट नियंत्रण असते, म्हणून हा वैयक्तिक सेवेचा करार आहे आणि असा करार ग्राहक कायद्यातून वगळलेला आहे. त्यामुळे डॉक्टरविरुद्ध जशी ग्राहक मंचात तक्रार करता येते, तशी वकिलाविरुद्ध करता येत नाही.

मग उरतात तीन मार्ग.

पहिला मार्ग बार कौन्सिलचा. अधिवक्ता अधिनियम १९६१ च्या कलम ३५ नुसार वकिलाच्या गैरवर्तनाची तक्रार राज्य बार कौन्सिलकडे करता येते. शिस्तपालन समिती ताकीद देऊ शकते, सनद काही काळासाठी निलंबित करू शकते किंवा वकिलाचे नाव यादीतून काढू शकते. ही शिक्षा वकिलाला होते. आपले बुडालेले पैसे यातून परत मिळत नाहीत.

दुसरा मार्ग दिवाणी दाव्याचा. पैसे इथेच मिळू शकतात, पण तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. तो वकील आपला होता, त्याने सर्वसाधारण वकील घेईल तेवढी काळजी घेतली नाही, आणि त्याच चुकीमुळे आपले नुकसान झाले. मुदत साधारण तीन वर्षांची असते. फसवणूक लपवली गेली असेल तर ती कळल्यापासून मुदत मोजता येते. दाव्याच्या रकमेनुसार कोर्ट फी भरावी लागते आणि निकालाला वेळ लागतो.

तिसरा मार्ग फौजदारी. इथे २०१२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लक्षात ठेवावा. हैदराबादमधील एका बँकेच्या शाखेत खोट्या कागदपत्रांवर गृहकर्जे वाटली गेली. बँकेच्या पॅनलवरील वकिलाने त्यातील काही मालमत्तांना कायदेशीर अभिप्राय दिले होते, म्हणून सीबीआयने त्यालाही कटात आरोपी केले. न्यायालयाने त्याच्यावरील खटला रद्द ठेवला. अभिप्राय चुकला एवढ्यावरून वकील गुन्हेगार ठरत नाही, तो कटात सामील होता याचा ठोस पुरावा लागतो, असे न्यायालयाने सांगितले. हलगर्जीपणा किंवा गैरवर्तन असेल तर त्यासाठी वेगळी कारवाई होऊ शकते, हेही स्पष्ट केले. म्हणून नुसती पोलीस तक्रार करून थांबणाऱ्यांच्या हाती बहुधा काही लागत नाही.

इंग्लंडमध्ये वकिली संस्थेला व्यावसायिक विमा सक्तीचा आहे. आपल्याकडे वकिलांना अशी सक्ती नाही. दावा जिंकला तरी रक्कम वसूल होईलच, याची खात्री नसते. म्हणून आपल्याला जी काळजी घ्यायची आहे ती सहीच्या आधीच घेतली पाहिजे.

हा प्रश्न आपल्या दाराशी कसा येतो?

सर्वांत मोठा विषय महार वतनाच्या जमिनींचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्येच मुंबई कायदे मंडळात वतन कायद्यात सुधारणा करणारे विधेयक मांडले होते. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली आणि जमिनी वतनदारांना नव्या शर्तीवर परत देण्यात आल्या. अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घेतल्याशिवाय आणि नजराणा भरल्याशिवाय विकता येत नाही. सातबारावर 'भोगवटादार वर्ग २' दिसले की लगेच थांबून चौकशी करावी.

शहरांलगतच्या या जमिनींना आज कोट्यवधींचा भाव आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्यातील मुंढवा येथील सुमारे ४० एकर महार वतन जमिनीचा एका कंपनीबरोबरचा ३०० कोटी रुपयांचा व्यवहार राज्यभर गाजला. वारसांची संख्या २७० च्या वर आणि व्यवहार कुलमुखत्यारपत्रावर झाल्याचे समोर आले. सरकारला चौकशी लावावी लागली, गुन्हे दाखल झाले. कोण दोषी हे न्यायालय ठरवेल. पण कोणत्याही अशा व्यवहारात विचारायचा प्रश्न एकच आहे: कंपनीच्या बाजूने वकील असतोच, वारसांच्या बाजूने कोण असतो? कंपनीच्या वकिलाने तयार केलेल्या कुलमुखत्यारपत्रावर वारसांनी सही केली आणि नंतर फसवणूक झाल्याचे कळले, तर त्या वकिलावर हलगर्जीपणाचा दावा करणे फार अवघड जाते. कारण तो त्यांचा वकील नव्हता.

विहारांच्या ट्रस्टबाबतही तसेच. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ३६ नुसार ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकायला, बदलून द्यायला किंवा बक्षीस द्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. बिगरशेती जागा वा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त काळ भाड्याने द्यायची असेल तरीही मंजुरी लागते. "बिल्डरचे वकील सगळे बघून घेतील" असे म्हणून विश्वस्तांनी ठराव करणे हे समाजाच्या मालमत्तेशी खेळणे आहे.

फ्लॅट घेणाऱ्यांना मात्र एक चांगला आधार आहे. प्रकल्पाच्या जमिनीचा हक्कच सदोष निघाला तर रेरा कायद्याच्या कलम १८(२) नुसार बिल्डरने भरपाई द्यायची आहे आणि या मागणीला कोणत्याही कायद्याची मुदत आड येत नाही. इथे वकिलाच्या मागे लागण्याची गरज नाही.

सही करण्यापूर्वी काय करावे?

स्वतःचा वकील करा. समोरच्याचा वकील कितीही ओळखीचा, अगदी आपल्या समाजातला असला, तरी त्या व्यवहारात तो समोरच्याचाच असतो.

वकिलाला काय तपासायचे ते लेखी द्या. मालकाची ओळख, सातबारा, जुने फेरफार, सर्व वारस, जमिनीचा वर्ग, बोजा, चालू दावे आणि लागणाऱ्या परवानग्या. अभिप्रायही लेखी आणि सहीचा घ्या. "बघितले, ठीक आहे" हे तोंडी उत्तर न्यायालयात उपयोगी पडत नाही.

फीची पावती, व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश, दिलेल्या कागदांच्या प्रती जपून ठेवा. उद्या वकील आपला होता हे दाखवायला हाच पुरावा लागतो.

कुलमुखत्यारपत्र वाचून घ्या, समजले नाही तर सही करू नका. विक्रीचा अधिकार आणि पैसे घेण्याचा अधिकार त्यात दिला आहे का, हे विशेष पाहा.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि महिला यांना उत्पन्नाची अट न ठेवता मोफत विधी साहाय्य मिळते. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांचा दर्जाही कायम आहे, त्यामुळे जातीचे प्रमाणपत्र असलेल्यांना हा हक्क आहे. तालुका विधी सेवा समिती बहुधा तालुक्याच्या न्यायालयातच असते. अर्ज साधा असतो.

आपल्या गावात, वस्तीत वतनाची जमीन किती उरली आहे, ती कोणाच्या नावावर आहे आणि कोणी त्यावर कुलमुखत्यारपत्रे करून घेत आहे का, याची यादी तरुणांनी या महिन्यातच करावी. सातबारा आता ऑनलाइन पाहता येतो. ती यादी घेऊन एखाद्या रविवारी विहारात बसा आणि ज्यांची नावे त्यात आहेत त्या म्हाताऱ्या माणसांना तिथे बोलवा. अनेकांना आपण कशावर अंगठा दिला हेच माहीत नसते.