विलायती साप कसोटीवर

मे महिन्यात रिसोडच्या सराफ्यात दोन तऱ्हेचं गिऱ्हाईक येतं. एक लग्नाचं, दुसरं पेरणीचं. लग्नाचं काचेच्या कपाटापुढे बसतं. पेरणीचं आत गादीपाशी, आवाज खाली करून. या आजी आतल्या.

पदराच्या गाठीतून ब्रेसलेट निघालं. शेपूट तोंडात धरलेला साप, डोळ्यांत लाल खडे, बिजागरी निखळलेली. सासऱ्यांनी मुंबईहून आणलेलं, ‘राणीच्या काळचं’. घरातल्या एकाही सुनेनं घातलं नव्हतं. ‘‘साप कोन घालते बाप्पा हातात?’’

विलायतेत घालत. खुद्द व्हिक्टोरिया राणीला आल्बर्टनं वाङ्‌निश्चयात दिलेली अंगठी सापाची होती, पाचू जडवलेली. मग काय, सापांची लाटच आली!

कारागिरानं ब्रेसलेट तळहातावर तोललं आणि माझ्याकडे पाहिलं. दिसायला तीन तोळ्यांचं, काट्यावर जेमतेम सव्वा. आत पोकळ. मग कसोटी. काळ्या दगडावर सापाची रेघ, शेजारी आजींच्या गोठाची. तेजाबाचा थेंब पडला. गोठाची रेघ तशीच पिवळी, सापाची बघता बघता पुसट.

‘‘मामंजीले फसवलं म्हना की कोनी!’’

तसं नव्हतं. ब्रिटननं १८५४ मध्ये ९, १२ आणि १५ कॅरेटलाही कायद्यानं मान्यता दिली होती. ९ कॅरेट म्हणजे शंभरात साडेसदतीस भाग सोनं. पातळ पत्रा यंत्राच्या ठशात दाबायचा, दोन अर्ध्या जोडायच्या; दागिना भारदस्त, किंमत बेताची. मिरवायला छान, पण मृगाच्या तोंडावर गहाण टाकायला कुचकामी. आपल्याकडे १९६३ च्या सुवर्ण नियंत्रणात चौदा कॅरेटच्या वर घडवायला बंदी आली, तेव्हा सोनारांच्या शेगड्या विझल्या होत्या. बाईमाणसांना ते सोनं सोनं वाटेचना.

आजींनी मग कमरेची पिशवी सोडली. चांदीचे राणीछाप रुपये. ‘‘हेबी तसेच का?’’ मी हसलो. त्याच राणीचं तोंड, पण हा रुपया बरोबर एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम; शंभरात जवळपास ब्याण्णव भाग चांदी. जुने सोनार वजन म्हणून हाच पारड्यात टाकत. आजींनी रुपये मोजून परत बांधले आणि गोठ पुढे सरकवले. बियाण्याची सोय झाली.

साप मात्र सोबतच्या नातीनं उचलला. असंच ब्रेसलेट तिनं मोबाइलवर पाहिलं होतं म्हणे. ‘‘दादा, बिजागरी तेवढी बसवून द्या.’’

इथे माझा एक जुना पराक्रम सांगायला हवा. शिकाऊ असताना अशाच बंद पोकळ दागिन्यावर मी सरळ फुंकणीची आच धरली होती. आतली हवा तापली, फट्‌ आवाज झाला आणि पत्रा लाहीसारखा उलला. गिऱ्हाइकाला भरपाई वडिलांनी दिली, मला वेगळी मिळाली.

कारागिरानं साप उलटा केला आणि पोटाखाली, कुणाला दिसणार नाही असं, सुईएवढं भोक पाडलं. मगच डाख लावायला घेतला.