तरुणाची पहिली मोटारसायकल आणि तिचा विमा

माल घेताना आपला व्यापारी वजन पाहतो, प्रत पाहतो, चार पेढ्यांचे भाव विचारतो आणि मगच सौदा पक्का करतो. त्याच व्यापाऱ्याचा मुलगा अठरा वर्षांचा झाला, त्याच्या हाती परवाना आला आणि दारात मोटारसायकल उभी राहिली, की विम्याच्या बाबतीत मात्र घरात एकच प्रश्न निघतो : "कमीत कमी कितीत भागेल?" प्रश्न गैर नाही. काटकसरीवाचून व्यापार चालत नाही. परंतु ती कोठे करावी आणि कोठे करू नये, हा विवेक सुटला म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण आम्ही फार जवळून पाहिले आहे.

बेळगावच्या रविवार पेठेत आमच्या परिचयाचे एक धान्यव्यापारी आहेत. त्यांनी आपल्या १९ वर्षांच्या मुलासाठी गाडी घेतली, हिशेबाच्या सोयीसाठी ती पेढीच्या नावे नोंदवली आणि विमा कायद्यापुरताच उतरवला. आठ महिन्यांनी खानापूर रस्त्यावर गाडी घसरली. मुलाचा जीव वाचला. एका डोळ्याची दृष्टी मात्र गेली. आम्ही त्यांच्यासमवेत विमापत्र उघडून बसलो तेव्हा कळून आले, की त्या कागदात मुलासाठी एक पैसाही नव्हता. यात विमा कंपनीचा काही दोष नव्हता; कागदावर होते तेवढेच ती देणे लागत होती. ते गृहस्थ थोडा वेळ स्वस्थ बसले आणि म्हणाले, "अण्णा, हे आधी कोणी सांगितले असते तर?" प्रस्तुत लेख लिहिण्याचे कारण एवढेच.

प्रथम कायद्याचे पाहू. रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक मोटार वाहनाचा तृतीय पक्षाचा विमा असलाच पाहिजे, ही सक्ती १९३९ च्या कायद्यात होती आणि १९८८ च्या कायद्याने ती पुढे चालविली. तृतीय पक्ष म्हणजे आपल्या गाडीमुळे ज्याला इजा पोहोचते तो परका मनुष्य. त्याची भरपाई या विम्यातून होते. आपली गाडी मोडली अथवा चोरीस गेली तर त्यातून काही मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विम्यावाचून गाडी चालविल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड आहे. तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते.

नवशिक्या तरुणास विमा महाग पडतो, अशी समजूत सर्वत्र आढळते. ब्रिटनसारख्या देशात ती खरी आहे. तेथे स्वाराचे वय जितके कमी तितका हप्ता चढा. आपल्याकडे तृतीय पक्षाचा हप्ता सरकार ठरविते आणि तो स्वाराच्या वयावर नव्हे, तर इंजिनच्या आकारावर अवलंबून असतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीस वर्षाला ७१४ रुपये, १५० ते ३५० सीसीच्या गाडीस १,३६६ रुपये आणि त्यापुढील गाडीस २,८०४ रुपये असा दर, कर वेगळा, ठरविण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीचा हा विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. त्याच दरपत्रकात पाच वर्षांची रक्कम पहिल्या गटास ३,८५१, दुसऱ्यास ७,३६५ आणि तिसऱ्यास १५,११७ रुपये होती. म्हणजे १२५ सीसीऐवजी १६० सीसीची गाडी हवी, हा मुलाचा हट्ट पुरविताना केवळ या एका सदरात साडेतीन हजारांचा फरक पडतो. बचतीची पहिली जागा विम्याच्या कचेरीत नसून गाडीच्या निवडीत आहे, ती अशी.

हा दर सर्व कंपन्यांस सारखाच असल्याने त्यात घासाघीस संभवत नाही. घासाघीस होते ती स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात. २००७ पासून हे दर कंपन्यांवर सोपविण्यात आले आहेत. म्हणून चार ठिकाणी विचारणा अवश्य करावी. मात्र प्रत्येक ठिकाणी गाडीची विमाकृत किंमत एकच धरून भाव मागावा. एखादा विक्रेता ही किंमत खाली आणून हप्ता स्वस्त दाखवितो. गाडी चोरीस गेली म्हणजे तीच खाली आणलेली किंमत हाती पडते. मण आणि पायली यांचे भाव आपण कधी शेजारी ठेवून पाहत नाही. येथेही तोच न्याय लावावा.

दुसरी बचत संयमाची आहे. वर्षभरात भरपाई मागितली नाही, तर पुढील वर्षी स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते. ती २५, ३५, ४५ अशी वाढत पाचव्या वर्षाअखेर ५० टक्क्यांवर जाते. आरसा फुटला म्हणून मागणी करण्यापूर्वी किती सूट बुडते, याचा हिशेब करावा. विमा संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण झाले नाही, तर साचलेली सारी सूट जाते.

आता ज्या ठिकाणी आमच्या मित्राचे चुकले त्याकडे वळू. गाडीच्या विम्यासोबत मालक-चालकाचा १५ लाख रुपयांचा व्यक्तिगत अपघात विमा असतो. २०१८ पर्यंत दुचाकीस्वारास तो अवघा १ लाखाचा होता. मृत्यू आल्यास पूर्ण रक्कम आणि एक डोळा अथवा एक अवयव गेल्यास निम्मी रक्कम त्यातून मिळते. परंतु मालक आणि चालक हे दोन्ही शब्द येथे महत्त्वाचे आहेत. गाडी ज्याच्या नावे नोंदलेली आहे आणि ज्याच्याजवळ परवाना आहे, त्याच व्यक्तीचा हा विमा. गाडी पेढीच्या नावे असेल तर तो मिळतच नाही. वडिलांच्या नावे असेल तर तो वडिलांचा होतो, मुलाचा नव्हे. म्हणून आमची आग्रहाची सूचना अशी, की जो गाडी चालविणार त्याच्याच नावे ती नोंदवावी. सूटही मग त्याच्याच नावे साचत जाईल. पेढीच्या नावे नोंदणे अटळच असेल, तर मुलाचा स्वतंत्र अपघात विमा उतरवावा. ऐपत बेताची असली तरी बँकेतून मिळणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे; २०२२ पासून तिचा वार्षिक हप्ता २० रुपये आणि मृत्यूनंतरची रक्कम २ लाख रुपये आहे. उलटपक्षी, ज्याच्याजवळ १५ लाखांचा अपघात विमा अगोदरच आहे, त्याने तो प्रत्येक गाडीसोबत पुन्हा विकत घेण्याचे कारण नाही.

आणखी दोन गोष्टी सांगणे अवश्य आहे. केवळ तृतीय पक्षाच्या विम्यात मागे बसलेल्या माणसाचा समावेश होत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली दिला. सर्वंकष विम्यात तो होतो. मित्रास अथवा बहिणीस मागे बसवून जाणाऱ्या मुलाच्या वडिलांनी याचा विचार करावा. तसेच जुनी गाडी घेतल्यास १४ दिवसांच्या आत विमा आपल्या नावे करून घेण्यासाठी अर्ज द्यावा. न दिल्यास स्वतःच्या नुकसानीची भरपाई मागताना हात रिकामे राहतात.

दिवाळी पाडव्यास नव्या वह्या घालताना पहिल्याच पानावर घरातील प्रत्येक गाडीच्या विम्याची मुदत, नोंदणी कोणाच्या नावे आणि चालविणारा कोण, या तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात, असे आम्ही आपल्या बंधूंस सुचवितो. आमच्या त्या मित्राच्या वहीत आता अशी नोंद असते. गतवर्षी धाकट्यासाठी त्यांनी १०० सीसीची गाडी घेतली, तेव्हा नोंदणीचा अर्ज त्यांनी आम्हांस मुद्दाम वाचावयास दिला. मालकाच्या रकान्यात धाकट्याचेच नाव होते.