पेजेची वाटी आणि मोबाईलचं अ‍ॅप

'ज्याचा त्याचा वेगळा आहार' ही कल्पना हल्ली जाहिरातींतून सारखी कानांवर पडते. दंडाला चिकटवायचा सेन्सर, ताटाचा फोटो पाहून कॅलरी सांगणारं अ‍ॅप, थुंकीचा नमुना तपासून 'तुमच्या जनुकांना मानवेल असा' तक्ता देणाऱ्या कंपन्या, काय काय म्हणून विचारू नका! साहित्याच्या विद्यार्थिनीने या फंदात का पडावं, असं तुम्हांला वाटेल. पण वाचक मित्रहो, हा विषय आपल्या स्वयंपाकघरातला आहे, आणि पुढे दिसेल तसा तो भाषेचाही आहे.

आधी एक आकडा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. एक लाखाहून जास्त प्रौढ माणसं तपासली गेली होती. देशात मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के निघालं आणि गोव्यात २६.४ टक्के, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. साध्या भाषेत सांगायचं तर आपल्याकडे चार प्रौढांमागे एकाला साखर आहे. माझं घर पेडण्याला, आईचं माहेर डिचोलीला. दोन्हीकडच्या जेवणाच्या टेबलावर औषधाच्या गोळ्यांचा डबा मिठाच्या बरणीइतकाच हक्काने बसलेला असतो.

आता 'व्यक्तिगत आहार' म्हणजे नेमकं काय, ते पाहू. २०१५ मध्ये इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी ८०० माणसांच्या रक्तातली साखर आठवडाभर सतत मोजली. सेहेचाळीस हजारांहून जास्त जेवणांची नोंद झाली. एकच पदार्थ खाऊन वेगवेगळ्या माणसांची साखर वेगवेगळी चढते, असं त्यांना आढळलं. एकाला केळं बाधलं आणि बिस्कीट नाही, तर दुसऱ्याचं अगदी उलट. २०२० मध्ये ब्रिटनमध्ये जुळ्या भावंडांवर झालेल्या अभ्यासातही तेच दिसलं. रूप एक, रक्त एक, तरी जेवणानंतरचा आलेख निराळा. झोप, आतड्यातले जिवाणू, जेवणाची वेळ, आधी काय खाल्लं, या सगळ्यांचा त्यात वाटा असतो.

हे मोजणारा सेन्सर नाण्याएवढा असतो. त्याची केसासारखी बारीक तार कातडीखाली जाते आणि पेशींभोवतीच्या द्रवातली साखर दर काही मिनिटांनी मोजून मोबाईलला कळवते. रक्तातला बदल तिथे पोचायला थोडा उशीर लागतो, म्हणून आकडा काही मिनिटं मागे असतो. असा एक सेन्सर साधारण दोन आठवडे चालतो आणि त्याला काही हजार रुपये पडतात. इन्सुलिन घेणाऱ्याला तो खरोखरच आधार ठरतो. पण महिन्याला दोन सेन्सर परवडणारी घरं आपल्या तालुक्यांत किती?

अ‍ॅपचं काय? इथे माझा विषय सुरू होतो. एका अ‍ॅपात मी रोमी कोंकणीच्या सवयीने रोमन अक्षरांत 'पेज' असं टाइप केलं. पुढे 'पेझ' नावाच्या परदेशी गोळ्यांची माहिती आली! हसू आलं, पण मुद्दा गंभीर आहे. अ‍ॅपचं शहाणपण त्याच्या पोटातल्या यादीवर अवलंबून असतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय खाद्यपदार्थांचे तक्ते काढले. त्यांत ५२८ पदार्थ आहेत, पण ते मुख्यतः कच्चे: तांदूळ, नाचणी, भाज्या, मासे. हुमण, तोंडाक, खतखतें, तिझण हे आपल्या हाताने तयार होतं. एका घरच्या हुमणात अर्धा नारळ, दुसऱ्या घरी दीड. ज्या पदार्थाचं नावच यंत्राला माहीत नाही, त्याचा हिशेब ते कसा मांडणार? मग ते आपल्याला ओट्स आणि किन्वा खायला सांगतं.

पेजेचंच उदाहरण घेऊ. उकडे तांदूळ म्हणजे भात भिजवून, उकडून, वाळवून मग कांडलेले. उकडताना कोंड्यातली काही ब जीवनसत्त्वं दाण्याच्या आत शिरतात आणि पिठूळ भाग पुन्हा घट्ट बसतो, त्यामुळे सुरय तांदळापेक्षा ते सहसा सावकाश पचतात. पण पेज करताना आपण ते खूप वेळ शिजवतो, म्हणजे ते पुन्हा मऊ होऊन लवकर पचणार. त्याच वेळी वाटीत पाणी जास्त आणि दाणे कमी. मग पेज चांगली की वाईट? याचं सरसकट उत्तर नाही. नाचणीचंही तसंच. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, पण बारीक वाटून, गाळून, गूळ घातलेलं तिझण आणि नाचणीची भाकरी या साखरेच्या दृष्टीने दोन वेगळ्या वस्तू आहेत. 'भात बंद करा' असा सल्ला सर्रास मिळतो. आमच्या शामायसारखी माणसं तो ऐकून आठवडाभर पेज सोडतात, आणि मग आठव्या दिवशी दुप्पट पितात.

यावर साधा उपाय आहे. घरी बोटाला टोचून साखर मोजायचं यंत्र बऱ्याच मधुमेहींकडे असतं. ते नुसतं सकाळी उपाशीपोटी वापरण्याऐवजी एका जेवणाची जोडी मोजायची: पहिल्या घासाआधी एकदा, आणि त्यानंतर दोन तासांनी एकदा. वहीत लिहायचं: पेज, किती वाट्या, सोबत काय. दोनतीन दिवसांनी तीच पेज तेवढीच घ्यायची, पण फक्त एक गोष्ट बदलायची. सोबत मुगागाठी घ्या, किंवा अळसांद्याचं तोंडाक, किंवा जेवून पंधरा मिनिटं चाला. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. घरच्या यंत्रात १५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे चालतं, म्हणून एका आकड्यावर निकाल देऊ नये. तीनचार वेळा तेच दिसलं तर मानावं. वही डॉक्टरांना दाखवावी. गोळ्या किंवा इन्सुलिन मात्र आपल्या मनाने कमीजास्त करायचं नाही.

आणि व्यक्तिगत म्हणजे केवळ साखर नव्हे. पेजेसोबतचा खारा बांगडा आणि मिठातलं तोर साखर वाढवत नाहीत, पण रक्तदाबवाल्याला ते जड जातात. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, म्हणजे जेमतेम एक चमचा. शहाळं आरोग्यदायी खरं, पण त्यात पोटॅशियम भरपूर, म्हणून मूत्रपिंडाच्या रुग्णाने विचारल्याशिवाय घेऊ नये. डिचोलीच्या किंवा तुयेंच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करणाऱ्याचं शरीर रात्री दोन वाजता तोच भात दिवसासारखा पचवत नाही. या तिघांना एकच तक्ता कसा चालेल?

जनुकांवरून आहार सांगणाऱ्यांबद्दल मात्र जपून. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ जणांवर वर्षभर प्रयोग केला. कमी चरबीचा आहार कोणाला मानवेल आणि कमी पिठूळ कोणाला, हे निवडलेल्या जनुकांवरून ओळखता आलं नाही. दोन्ही गटांत काहींचं वजन खूप उतरलं, काहींचं वाढलंही. तेव्हा हजारो रुपयांच्या तपासणीआधी दोनशे पानी वही घ्यावी, असं माझं मत.

आता आपल्या मंडळाला एक विनंती. आपण म्हणी गोळा करतो, ओव्या गोळा करतो. यंदा पदार्थ गोळा करूया. पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या प्रत्येकाने घरचा एकच पदार्थ निवडायचा. आई किंवा आजी करत असताना शेजारी वजनकाटा ठेवायचा: तांदूळ किती ग्रॅम, नारळ किती, मीठ किती, आणि शेवटी किती वाट्या झाल्या. 'अंदाजान घाल गो' हे उत्तर येणारच, ते मान्य करून तो अंदाजसुद्धा तोलायचा. चतुर्थीच्या नेवऱ्या, नाताळचा दोदोल, रोजची कोंड्याची पोई, सगळं. मराठी नाव, कोंकणी नाव आणि वजन, तिन्ही एकत्र. अशी पन्नास पदार्थांची यादी जरी झाली, तरी गावातल्या डॉक्टरला आणि आहारतज्ज्ञाला ती उपयोगी पडेल, आणि उद्या कोणी मराठीत अ‍ॅप करायला बसला तर त्याला 'पेज' म्हणजे काय ते ठाऊक असेल.

पहिली नोंद मी देते: आमच्या घरची उकड्या तांदळाची पेज. दुसरी कोण देणार?