पिंपरीत जुळलेली मर्सिडीज घेताय? आधी वायरिंग बघा

मर्सिडीज म्हटलं की आज चाकण आठवतं, पण तो कारखाना 2009 चा. भारतात मर्सिडीज मोटार पहिल्यांदा जुळली ती 1995 मध्ये आपल्या पिंपरीत, टेल्कोच्या आवारात. मॉडेल डब्ल्यू 124, ई-क्लास. अजूनही एखादी दिसली की मी थांबून बघतो.

इंजिन दणकट आहे. डोकेदुखी असते ती त्याच्याभोवतीच्या गोष्टींची, त्यातही वायरिंगची. त्या वर्षांतल्या पेट्रोल गाड्यांमध्ये इंजिनच्या वायरींचं आवरण उष्णतेनं कडक होऊन तडकतं. बोट लावलं तरी टवके निघतात, तांबं उघडं पडतं. मग गाडी झटके देते, आयडलिंग बिघडतं आणि बिचारा मेकॅनिक प्लग, कॉइल, सेन्सर बदलत बसतो. म्हणून इंजिन बंद आणि गार असताना एखादी वायर हलकेच वाकवून बघाच. हार्नेस बदललेला असेल तर बिल मागा.

सेंट्रल लॉक हवेच्या दाबावर चालतं. कुलूप लागल्यावरही मागून पंपाची घरघर थांबत नसेल, तर कुठेतरी नळी गळतेय. एकुलता वायपर काचेचा कोपरा गाठायला लांबतो, तेही गिअरवर. त्यातलं ग्रीस सुकलं की तो अडखळतो, तेव्हा पावसाळ्याआधीच ते बदला. छोटे बुश, ब्रॅकेट भोसरीतले लेथवाले घडवून देतात, वायरिंगला मात्र जुगाड नको.

15 वर्षांनंतर पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर लागतो, नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढते. आरसीवरची मुदत तपासल्याशिवाय बयाणा देऊ नका.