रेडिओचा कान, श्रोत्याच्या हातात!

आज आपण उभे आहोत तिकोणा पेठेत. डोक्यावर तिकोना गड, समोर पवना धरणाचं पाणी, आणि हातात मोबाइल. आता त्यातला एफएम ऑन करा. इयरफोन लावलात ना? नसेल तर आधी लावा!

का, माहीत आहे का? मोबाइलच्या एफएमला सहसा वेगळा अँटेना नसतो. इयरफोनची वायर हाच त्याचा अँटेना! ब्लूटूथवाल्या पिढीने म्हणूनच जुना वायरवाला इयरफोन सॅकच्या कप्प्यात जपून ठेवावा.

लागलं स्टेशन? दोन पावलं सरकलात आणि गेलं? घाबरू नका, मोबाइल ठणठणीत आहे. ही सगळी आपल्या मावळच्या डोंगरांची करामत!

तीन मीटर वर्सेस तीनशे एकोणऐंशी

माहीत आहे का? एफएमची एक लाट साधारण ३ मीटर लांब असते. ती जवळजवळ नजरेसारखी सरळ रेषेत जाते, त्यामुळे मध्ये डोंगर आला की अडते. पण आकाशवाणी पुणे केंद्राची ७९२ किलोहर्ट्झवरची मीडियम वेव्ह? तिची लाट तब्बल ३७९ मीटरची! ती जमिनीला धरून, टेकड्यांना वळसे घालत थेट वाडीतल्या घरापर्यंत येते.

म्हणजे एफएमचा आवाज काचेसारखा स्वच्छ, पण दम कमी. मीडियम वेव्हमध्ये खरखर, पण ती अस्सल मावळी गडी. चढ बघून थांबत नाही!

एक नंबर, दोन शहरं

आता गाडीत बसा. चला मुंबईकडे! काटा ९८.३ वर, पुण्याची रेडिओ मिर्ची चालू. लोणावळा, खंडाळा, घाट सुरू... आणि अचानक पुण्याचा आरजे गायब, मुंबईचा आरजे हजर. नंबर तोच, मिर्चीही तीच, फक्त शहर बदललं!

माहीत आहे का? एफएम रेडिओ दोन सिग्नल एकत्र कालवत नाही. ज्याचा जोर जास्त, त्याचाच आवाज तो ऐकवतो. याला म्हणतात कॅप्चर इफेक्ट. ९१.१ वर रेडिओ सिटी आणि ९३.५ वर रेड एफएम, दोन्ही शहरांत हेच नंबर. म्हणजे घाटात तुमच्या डॅशबोर्डवर रोज मुंबई-पुणे कुस्ती रंगते!

मिरची, टोमॅटो आणि फोडणी

९४.३ हा नंबर तर महाराष्ट्राचा बहुरूपी. मुंबई-पुण्यात त्याची ओळख रेडिओ वन. नागपुरात माय एफएम. आणि कोल्हापुरात? टोमॅटो एफएम!

भारतीय रेडिओवाल्यांची भूक मोठी, माहीत आहे का? इथे मिर्ची आहे, टोमॅटो आहे. केरळात रेडिओ मँगो, राजस्थानात तडका, ओडिशात रेडिओ चोकलेट. तिखट, आंबट, फोडणी, फळ, शेवटी गोड. स्टेशन शोधताय की ताट वाढताय?

एकाच दिवशी डबल धमाका

तारीख लक्षात ठेवा, २३ जुलै १९२७. त्या दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं. आणि माहीत आहे का? त्याच दिवशी भारत आणि इंग्लंड यांच्यातली बिनतारी बीम सेवाही सुरू झाली. तिची केंद्रं होती आपल्याच पुणे जिल्ह्यात, खडकी आणि दौंडला!

बीम सेवा दणक्यात चालली, पण ब्रॉडकास्टिंग कंपनीचं काय? तीन वर्षंही टिकली नाही. मार्च १९३० मध्ये तिचं दिवाळं वाजलं. देशातल्या पहिल्या मोठ्या रेडिओ कंपनीला श्रोतेच पुरले नाहीत. पुढे सरकारने कारभार हाती घेतला आणि १९३६ मध्ये नाव ठेवलं ऑल इंडिया रेडिओ. इंग्रजी आद्याक्षरं जोडा: एअर. हवेतून येणाऱ्या आवाजाला याहून फिट नाव सापडेल?

४२.३४ मीटरची धाडसी कॉम्पिटिशन

सरकारी रेडिओला सगळ्यात डेअरिंगबाज टक्कर कोणी दिली, माहीत आहे का? विशी-बाविशीतल्या उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी! १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनात त्यांनी मुंबईतून गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. बँड ४२.३४ मीटर. पोलिसांना चकवायला जागा सतत बदलायची. नोव्हेंबरमध्ये त्या पकडल्या गेल्या आणि शिक्षा भोगायला आल्या पुण्यात, येरवड्याला. अवघे काही महिने चाललेलं स्टेशन, पण आठवण अजून ताजी!

अधिक महिना, अधिक गाणी

आकाशवाणीचं पुणे केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ ला. दोनच वर्षांत त्याने असा सुपरहिट दिला की आजचे सगळे चार्ट फिके पडावेत. गीतरामायण! शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडके यांचं, पहिलं प्रसारण १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या मुहूर्तावर.

आठवड्याला एक गाणं, वर्षभर. मग ती ५२ व्हायला हवीत ना? पण झाली ५६! का, माहीत आहे का? त्या वर्षी अधिक मास आला. जावयाला अनारसे मिळाले, श्रोत्यांना चार गाणी जास्त!

पुण्याचे मंत्री, सिलोनची चंगळ

१९५२ मध्ये माहिती आणि प्रसारण मंत्री झाले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. जन्म पुण्याचा, प्रेम शास्त्रीय संगीतावर. त्यांनी आकाशवाणीवरच्या फिल्मी गाण्यांना कात्री लावली. पुढे चित्रपट निर्मात्यांशीही बिनसलं आणि फिल्मी गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ गायब झाली.

श्रोत्यांनी काय केलं? रेडिओचा कान पिळला आणि काटा नेला थेट समुद्रापलीकडे, रेडिओ सिलोनवर! ३ डिसेंबर १९५२, वार बुधवार, बिनाका गीतमाला सुरू. आवाज अमीन सयानी यांचा. आणि गंमत माहीत आहे का? कार्यक्रम रेकॉर्ड व्हायचा मुंबईत, टेप विमानाने जायची कोलंबोला, आणि तिथून लाटांवर स्वार होऊन परत आपल्याच घरात!

त्याच केसकरांच्या काळात आकाशवाणीच्या शास्त्रीय संगीत सभाही बहरल्या, हेही विसरू नका. पण फिल्मी गाण्यांच्या मॅचचा निकाल श्रोत्यांनी लावला. ३ ऑक्टोबर १९५७ ला आकाशवाणीने स्वतःच विविध भारती आणली. गाणीच गाणी! देशातला सगळ्यात गाजलेला फॉर्मॅट चेंज, तोही लोकांनी कान पिळला म्हणून.

पहिली जाहिरात, आपला मान

विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या १ नोव्हेंबर १९६७ ला. पहिली शहरं कोणती, माहीत आहे का? मुंबई, नागपूर आणि पुणे. तिन्ही महाराष्ट्राची! आज एफएमवर ऐकू येणाऱ्या प्रत्येक जिंगलने आपल्याला एकदा वाकून नमस्कार करायला हरकत नाही.

पेटीवर बंदी!

घरोघरी भजनाला असते ती पेटी, म्हणजे हार्मोनियम, आकाशवाणीवर चक्क बंद होती. १९४० ते १९७१, तब्बल तीन दशकं! आक्षेप असा की तिचे सूर ठरलेले, दोन सुरांमधली मींड तिला जमत नाही. भजनी मंडळांनी मात्र पेटी खाली ठेवली नाही. शेवटी माइकनेच माघार घेतली.

खासगी एफएमची भरधाव एंट्री

३ जुलै २००१, बंगळूर. रेडिओ सिटी हे देशातलं पहिलं खासगी एफएम स्टेशन सुरू झालं. त्याआधी सरकारने ४० शहरांत १०८ स्टेशनांचा लिलाव मांडला होता. प्रत्यक्षात किती सुरू झाली, माहीत आहे का? फक्त २१!

कारण होतं लायसन्स फी. ती दर वर्षी १५ टक्क्यांनी चढायची. कमाई सिंहगडाच्या पायथ्याशी, फी कल्याण दरवाज्यात! २००५ मध्ये नियम बदलला, उत्पन्नाच्या ४ टक्के द्या आणि वाजवा. मग काय, गावोगावी स्टेशनं फुटली पावसाळ्यातल्या अळंब्यांसारखी.

तीच फ्रिक्वेन्सी, तिसरा जन्म

मुंबईचा १०४.८ आठवतो? आधी तो होता म्याव, बायकांच्या गप्पांचं स्टेशन. मग झाला ओये. मग झाला इश्क! मांजरीपासून प्रेमापर्यंतचा प्रवास, नंबर मात्र जागचा हलला नाही. उलट गो ९२.५ ने नाव बदललं, नंबर बदलला आणि ते झालं रेडिओ वन ९४.३.

पूर्वी एका कंपनीला एका शहरात एकच स्टेशन मिळायचं. २०१५ च्या लिलावापासून जास्तीची मुभा मिळाली. मग पुण्यात मिर्चीच्या जोडीला मिर्ची लव्ह आलं, १०४.२ वर. तिखट एका नंबरवर, गोडवा दुसऱ्यावर!

नाव-रूप बदलण्यात अमेरिकेत तर कमालच. फॉर्मॅट बदलायच्या आधी काही स्टेशनं एकच गाणं तासन् तास वाजवत बसतात. लोक वैतागतात, पण गावभर चर्चा होते. चर्चा झाली की काम फत्ते!

किती जण ऐकतात? वहीत लिहा!

टीव्हीचा टीआरपी सगळ्यांना ठाऊक. पण रेडिओचं रेटिंग कसं काढायचे, माहीत आहे का? डायरीने! निवडक श्रोत्यांना वही द्यायची आणि त्यांनी कधी कोणतं स्टेशन ऐकलं ते टिपून ठेवायचं. ही मोजणी मुंबई, दिल्ली, बंगळूर आणि कोलकात्यात चालायची. यादीत पुणे नव्हतं. पुणेकर श्रोता कोणाच्याच वहीत मावला नाही!

बातमी नको, ट्रॅफिक चालेल

खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवता येतात, बस्स! पण ट्रॅफिक, हवामान, परीक्षा, पाणीकपात? बिनधास्त सांगा. बोरघाटातली कोंडी नियमाप्रमाणे बातमी नाही. शनिवारी सकाळी त्या कोंडीत अडकलेल्याला मात्र जगात दुसरी बातमीच नसते!

आकाशातून मराठी

वर्ल्डस्पेस आठवतं? उपग्रहावरून येणारा, पैसे भरून ऐकायचा रेडिओ. त्यावर मराठी गाण्यांची खास वाहिनी होती, सुरभि. ३१ डिसेंबर २००९ ला सेवा बंद पडली. न्यू इयरच्या पार्टीला कितीतरी घरांतले महागडे रिसीव्हर मुके झाले होते.

बांधावरचे आरजे

मोठ्या शहरांचं पुरे, आता गावाकडे चला. साताऱ्यातल्या म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी, ९०.४. बारामतीत शारदा कृषि वाहिनी, ९०.८. पुणे विद्यापीठाची विद्यावाणी, १०७.४. ही कम्युनिटी रेडिओ स्टेशनं. ट्रान्समीटर छोटा, पल्ला काही किलोमीटरचा, पण बोलणारा माणूस आपल्या शिवारातला. कांदा, शाळा, ओवी, पाऊस, सगळं आपल्या बोलीत!

पुणे जिल्ह्यातला सगळ्यात मोठा श्रोता

सांगा पाहू कोण? जुन्नर तालुक्यातलं खोडद! तिथल्या जीएमआरटी दुर्बिणीच्या ३० अँटेना आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. तारे आणि आकाशगंगांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी त्या ऐकतात. ना जिंगल, ना आरजे, ना ब्रेक. तरीही जगभरचे शास्त्रज्ञ या स्टेशनला कान लावून बसतात!

बातम्या वाचल्या, कारण श्रोते बोलले

‘आकाशवाणी पुणे केंद्र’ हे शब्द आणि सकाळच्या प्रादेशिक बातम्या. कितीतरी घरांत त्यावर घड्याळ लागायचं, शाळेचे डबे भरले जायचे. जून २०२३ मध्ये पुण्याचा हा बातमी विभाग हलवायचा निर्णय झाला. श्रोते खवळले, राजकीय नेतेही बोलले, आणि निर्णयाला स्थगिती मिळाली. रेडिओ कोणी ऐकत नाही म्हणणाऱ्यांनो, ऐकलंत ना?

आणि पुढचं पान तर आणखी रंगतदार. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने २३४ नव्या शहरांत ७३० एफएम स्टेशनांच्या लिलावाला मंजुरी दिली. उद्देश काय, तर स्थानिक भाषेतलं, स्थानिक माणसांचं बोलणं. आपल्याकडच्या लातूर, चंद्रपूर, गोंदियासारख्या शहरांची नावं यादीत आहेत. या स्टेशनांवर वऱ्हाडी झणकावी, मराठवाडी घुमावी, ही मनापासूनची इच्छा!

होमवर्क, पण मजेचा

सिलोनकडे वळलेला काटा असो की पुण्याच्या बातम्यांसाठी उठलेला आवाज, स्टेशनं आपल्या कानासाठी भांडतात आणि रेडिओचा कान असतो आपल्या हातात. मग पिळून बघूया?

पुढच्या रविवारी तिकोन्याला जाल तेव्हा खिशात छोटा रेडिओ टाका. तीन ठिकाणी थांबायचं. पहिलं तिकोणा पेठेत पायथ्याशी, दुसरं वाटेतल्या चपेटदान मारुतीपाशी, तिसरं बालेकिल्ल्यावर. प्रत्येक ठिकाणी काटा ८८ पासून १०८ पर्यंत फिरवा आणि किती स्टेशनं लागली ते मोजा. त्यातली मराठीत बोलणारी किती, तेही लिहून ठेवा.

तीन थांबे, तीन आकडे, झाला की नाही तुमचा रेडिओ त्रिकोण! दम लागला तर टाक्याजवळ टेका, पण इयरफोन काढू नका. वर पोहोचल्यावर वाऱ्याच्या सूंसूं आवाजातून कोण आधी बोलतं, पुणे की मुंबई?