गवताचा शरदरंग : समज आणि वस्तुस्थिती

शरदातल्या रंगांचा विषय निघाला की मेपल आठवतो, ओक आठवतो. गवत कुणाला आठवत नाही. गवत आपलं वाळतं, पिवळं पडतं, मग कापून टाकायचं, अशीच सर्वसाधारण समजूत आहे. न्यू जर्सीत घरामागे बाग करणाऱ्या मराठी कुटुंबांत ती आढळते, तशी पुण्या-नाशिकच्या बंगल्यांतही आढळते. या समजुतीपोटी आपण गवताची जी निगा राखतो, तीच नेमकी त्याचा रंग घालवते. म्हणून एकेक गैरसमज नीट तपासायला हवा.

पहिला गैरसमज म्हणजे गवताचा रंग हा केवळ वाळण्याचा रंग. उत्तर अमेरिकेच्या प्रेअरीतलं लिटल ब्लूस्टेम पाहा. नेब्रास्काने याला आपलं राज्य-गवत ठरवलं आहे. भर उन्हाळ्यात ते निळसर हिरवं असतं आणि शरदात तांबूस, नारिंगी होतं. स्विचग्रासच्या ‘शेनँडोआ’ या वाणाच्या पात्यांची टोकं उन्हाळ्यातच लालसर होऊ लागतात, पुढे सगळा ठोंब गर्द लाल होतो. पात्यांतलं हरितद्रव्य मोडू लागलं की आधीपासून दडलेली पिवळी द्रव्यं दिसू लागतात. लाल-जांभळं अँथोसायानिन मात्र बऱ्याच अंशी त्या काळातच नव्याने तयार होतं. मेपलचं पान लाल होतं तेही याच द्रव्यामुळे. त्यासाठी दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा लागतो. सावलीत लावलेलं ‘शेनँडोआ’ फिकं राहतं, त्यात रोपवाटिकेचा दोष नसतो.

शोभेचं कुठलंही गवत आणलं तरी रंग मिळेल, असंही नाही. ‘कार्ल फोर्स्टर’ हे ताठ उभं राहणारं, अतिशय लोकप्रिय गवत. पॉट्सडॅमच्या ज्या रोपवाटिकाकाराचं (१८७४–१९७०) नाव त्याला मिळालं, त्याने बागेत गवताला मानाची जागा मिळवून दिली. पण हे थंड हंगामात वाढणारं गवत आहे. ते उन्हाळ्याच्या सुरुवातीला तुरे काढतं आणि लवकरच गव्हाळ होतं. त्याच्याकडून लाल रंगाची अपेक्षा करू नये. रंग हवा असेल तर स्विचग्रास, लिटल ब्लूस्टेम, प्रेअरी ड्रॉपसीड अशी उष्ण हंगामातली गवतं निवडावीत. ती वसंतात फार उशिरा जागी होतात. शेजारची झाडं पालवली तरी यांचा कोंब दिसत नाही, आणि मेलं समजून लोक चांगला ठोंब उपटून टाकतात. थोडा धीर धरावा.

खताचा गैरसमज सर्वांत नुकसान करणारा आहे. गुलाबाला, भाजीला खत घालायची सवय आपल्या हाताला असते आणि तोच हात गवताकडे वळतो. प्रेअरीतल्या गवतांची मुळं खोल जातात; स्विचग्रासची तर तीन मीटरपर्यंत. हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत ती सुखाने राहतात. नत्र जास्त झालं की पाती लांब, मऊ, गडद हिरवी होतात, ठोंब मधूनच फाकतो आणि पावसाच्या एका सरीत आडवा होतो. पहिल्या वर्षी मूळ धरेपर्यंत पाणी द्यावं. पुढे खत बंद आणि पाणी बेताचं, एवढंच पुरतं.

‘थंडीआधी कापून बाग स्वच्छ करावी’ हा सल्लाही थंड देशांत चुकीचाच. उभी पाती ठोंबाच्या गाभ्याचं थंडीपासून रक्षण करतात, दाणे पक्ष्यांना मिळतात, पोकळ काड्यांत कीटक हिवाळा काढतात. लिटल ब्लूस्टेमचा तांबूसपणा तर हिवाळाभर टिकतो. हिवाळा सरता सरता, नवे कोंब फुटण्याआधी, जमिनीपासून चार-सहा इंच ठेवून कापावं. ठोंब फोडून लावायचा तोही वसंतात.

रोपवाटिकेत मिळतं म्हणजे ते निर्धोक, हेही खरं नाही. पूर्व आशियातलं मिस्कँथस अमेरिकेच्या पूर्व भागात बागांबाहेर पसरलं आहे. लालभडक ‘रेड बॅरन’ हे इम्परेटा सिलिंड्रिका या गवताचं बागेतलं रूप. आपल्याकडे दर्भ म्हणून जी गवतं ओळखली जातात त्यांत याच जातीचाही समावेश होतो. अमेरिकेत ही जात संघीय यादीतलं घातक तण आहे. लाल रूप कधी कधी हिरव्याकडे परततं आणि मग आक्रमकपणे पसरतं. काही राज्यांत त्याच्या विक्रीवरच बंदी आहे. आपल्या राज्याची यादी पाहिल्याशिवाय ते लावू नये.

आता महाराष्ट्राकडे येऊ. जांभळं फाउंटन ग्रास आपल्याकडच्या रोपवाटिकांत दिसतं आणि ‘शरदात रंगणारं’ म्हणून घेतलंही जातं. ते जांभळंच असतं; ऋतूशी त्या रंगाचा फारसा संबंध नाही. त्याचा हिरवा भाऊबंद हवाईत बेसुमार पसरला आणि तिथल्या वणव्यांना इंधन ठरला, हेही लक्षात असू द्यावं.

‘आपल्याकडे शरदाचा रंग नसतोच’ हा गैरसमज मला सर्वांत जास्त खुपतो. पाऊस थांबल्यावर पुरंदर, बारामती, सोलापूरकडचे माळ पाहावेत. कुसळी हिरवी असताना नजरेत भरत नाही. पिकली की तांबूस होते आणि सगळा उतार रंगून जातो. डोंगरी गवताच्या तुऱ्यावर सोनेरी लव असते. रोशा गवताचे तुरे पिकताना लालसर होतात आणि त्याला सुगंधही असतो, कारण याच गवतापासून पामरोझा तेल काढतात. मारवेलीच्या तुऱ्यांत जांभळी झाक असते. इथे रंग येतो तो मुख्यतः पाऊस संपल्यामुळे आणि गवत पिकल्यामुळे. म्हणून ऑक्टोबरनंतरही रोज पाणी घालणाऱ्याला तो दिसत नाही. कोकणातल्या दमट हवेत देशावरच्यासारखा रंग मिळेल, असंही धरून चालू नये.

दोन गोष्टी सांभाळाव्यात. कुसळीची कुसळं ओल लागली की पीळ सोडतात आणि जमिनीत शिरतात, कपड्यांत आणि जनावरांच्या अंगातही. त्यामुळे पायवाटेलगत किंवा लहान मुलं खेळतात तिथे ती लावू नये. दुसरं म्हणजे आग. आपल्याकडचं वाळलेलं गवत बर्फाखाली झाकलं जात नाही, उन्हाळ्यात ते पेट घेतं. मुनियांनी दाणे टिपून झाले की कडक उन्हाळ्याआधी विळा लावावा.

या माळांची नोंद सरकारदरबारी अनेकदा ‘पडीक’ अशी होते आणि मग त्यावर झाडं लावायची मोहीम निघते. माळ हा स्वतंत्र अधिवास आहे. माळढोक त्यावरच जगतो. म्हणून बागेसाठी तिथले ठोंब खणून आणू नका. नोव्हेंबरात रस्त्याकडेच्या पिकल्या तुऱ्यातून मूठभर बी घ्या, पावसाच्या तोंडावर मुरमाड, उन्हातल्या जागी टाका, आणि रोपवाटिकेतून गवत घेताना शास्त्रीय नाव विचारल्याशिवाय घेऊ नका.