वऱ्हाडातील फुलपाखरे व चतुर : छायाचित्र आणि नाव

वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या शब्दसंग्रहात अळ्यांच्या नावांची समृद्धी सहज नजरेत भरते. कपाशीवरील बोंडअळी, हरभऱ्यावरील घाटेअळी, सोयाबीनवरील उंटअळी, अंगावर दाट केस असलेली केसाळ अळी, हा भेद शेतात वावरणारा मनुष्य क्षणार्धात करतो. परंतु हीच अळी कोशातून बाहेर पडून उडू लागली की भेद मावळतो आणि ‘पतंग’ अथवा ‘पाखरू’ एवढेच सामान्य नाम उरते. याचे कारण उघड आहे. अळी पीक खाते, पतंग खात नाही. आणि जेथे व्यवहाराला गरज असते तेथेच भाषा बारकाईने भेद करते.

ही नावे कीटकापेक्षा पिकाला अधिक चिकटलेली असतात, हेही ध्यानात घ्यावयास हवे. हरभऱ्यावरील घाटेअळी आणि कपाशीवरील हिरवी बोंडअळी हे वस्तुतः एकाच जातीचे जीव होत. येथे एका जातीला दोन नावे आहेत. उलटपक्षी ‘चतुर’ या एकाच शब्दात कितीतरी जाती सामावतात. आशिष टिपले व पंकज कोपर्डे यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या सूचीत महाराष्ट्रातील या गणाच्या १३४ जाती आहेत. मराठी निसर्गाभ्यासकांनी त्यांतील सडपातळ देहाच्या, बसताना बहुधा पंख मिटून घेणाऱ्या जातींना ‘टाचणी’ असे वेगळे नाव दिले आहे. पण त्यापलीकडे सामान्य बोलीत फारसा भेद आढळत नाही. म्हणजे नाव आणि जाती यांची जोडी एकास एक अशी क्वचितच जुळते. ती कोठे जुळते व कोठे जुळत नाही हे पाहण्याचे एक सुलभ साधन म्हणून नित्याच्या जागी घेतलेल्या छायाचित्राकडे पाहता येईल.

पूर्वी हे काम मृत नमुन्यांवरून होत असे. फ्रेझर यांचे भारतीय चतुरांवरील तीन खंड १९३३ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाले. त्यांचा मुख्य आधार संग्रहातील नमुने हाच होता. फुलपाखराच्या पंखांवरील रंग संग्रहातही बराच काळ टिकतात. चतुराच्या डोळ्यांचे व शरीराचे रंग मात्र मृत्यूनंतर लवकर फिके पडतात. जिवंतपणीचा रंग, बसण्याची ढब आणि ज्या झाडावर तो बसला ते झाड, या तिन्ही गोष्टी छायाचित्रात एकत्र राहतात.

त्यासाठी मेळघाटच्या अरण्यातच गेले पाहिजे असे नाही. जयंत वडतकर व राजू कसंबे यांनी २००२ साली अमरावतीनजीकच्या पोहरा-मालखेड राखीव वनातील फुलपाखरांची सूची प्रसिद्ध केली. शहराच्या आतही सामग्री विपुल आहे. रस्त्याकडेच्या रुईवर प्लेन टायगर, बागेतील कण्हेरीवर कॉमन क्रो, पडीक जागेतील एरंडावर कॉमन कॅस्टर यांच्या अळ्या वाढतात. वडाळी व छत्री तलावांचे काठ, अकोल्यातील मोर्णा नदीचे पात्र ही चतुरांची स्थाने होत. सांडपाण्याच्या नाल्यावर दिसणारा, नारिंगी पंखांचा डिच ज्वेल दूषित पाणी सहन करणारा आहे. तो विपुल आणि इतर जाती विरळ असतील तर ती नोंद पाण्याच्या स्थितीविषयीही काही सांगते.

छायाचित्र कसे घ्यावे हे ओळखीच्या गरजेवरून ठरते. प्लेन टायगरचे उदाहरण पुरेसे आहे. रुईतील विषारी द्रव्यांमुळे हे फुलपाखरू पक्ष्यांना नकोसे होते. डॅनाइड एगफ्लाय या जातीची मादी हुबेहूब त्याच्यासारखी दिसते. तिचा नर मात्र काळा असून त्याच्या पंखांवर मोठे पांढरे ठिपके असतात. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यभागी तीन-चार काळे ठिपके असतात; एगफ्लायच्या मादीच्या त्याच पंखावर वरच्या कडेजवळ एकच असतो. हा ठिपका चित्रात आला नाही तर नाव चुकते. म्हणून फुलपाखराच्या पंखांच्या दोन्ही बाजू टिपाव्यात. चतुर वरून व बाजूने असा दोनदा टिपावा, कारण वक्षावरील पट्टे बाजूनेच दिसतात. टाचण्यांच्या पुष्कळ जातींत नराच्या उदराच्या टोकावरील उपांगांवरूनच निश्चिती होते. ती स्पष्ट नसतील तर नोंद गणापर्यंत किंवा कुळापर्यंतच थांबवणे हे शास्त्राला धरून होय. सकाळी ऊन चढण्यापूर्वी कीटक मंद असतात. त्या वेळी साध्या मोबाइलच्या कॅमेऱ्यानेही हे साधते.

याच ठिकाणी भाषाभ्यासकाचे काम सुरू होते. वरूड-मोर्शीच्या संत्राबागांत लाइम बटरफ्लायची अळी कोवळी पाने खाते. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठेपणी हिरवी होते. बागाईतदार तिला कीड म्हणून ओळखतो. बागेवर उडणारे काळे-पिवळे फुलपाखरू हे तिचेच पुढचे रूप आहे याचा बोध नावातून होत नाही. अळी, कोश आणि फुलपाखरू यांची छायाचित्रे क्रमाने दाखवून प्रत्येकासाठी कोणता शब्द वापरतात असे विचारले, तर एकाच जीवाच्या तीन अवस्थांना भाषेने कसे विभागले आहे हे कळेल. उत्तर ऐकू येईल तसेच लिहावे. वऱ्हाडीत ‘डोळा’चा ‘डोया’ व ‘काळा’चा ‘काया’ होतो. ‘अळी’ किंवा ‘पाकोळी’ असे प्रमाण रूप लिहून मोकळे होणे म्हणजे सामग्रीच गमावणे होय. ‘पाकोळी’ हा शब्द फुलपाखराला व एका पक्ष्यालाही लागतो. अशा ठिकाणी चित्राशिवाय मिळालेला शब्द निरुपयोगी ठरतो.

२०१५ साली ब्लू मॉर्मन हे महाराष्ट्राचे राज्यफुलपाखरू ठरले. पुढे राज्य जैवविविधता मंडळाने फुलपाखरांना मराठी नावे देण्याचे काम केले. त्यात ब्लू मॉर्मनला ‘नीलवंत’ हे नाव मिळाले. ते स्वागतार्ह आहे, कारण प्रचलित इंग्रजी नावांत कमांडर, सार्जंट, बॅरोनेट अशा सैनिकी व सरदारी पदव्यांचीच रेलचेल आहे. तथापि घडवलेली नावे कोशात स्थिरावली की बोलीतील नावे ‘अशुद्ध’ म्हणून मागे पडतात, हा परिभाषेच्या इतिहासातील नित्याचा अनुभव आहे. बोलीतील नाव आधी नोंदले गेले नाही, तर नंतर ते शोधण्यास वक्ताच उरत नाही.

यास्तव पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी प्रत्येक छायाचित्रासोबत पाच गोष्टी लिहून ठेवाव्यात : स्थळ, दिनांक, वनस्पती, ऐकलेला शब्द, आणि वक्त्याचे गाव व वयोगट. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्या तीन पुरतील, भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला शेवटच्या दोन. पण पाचही एकत्र असल्याखेरीज कोणता शब्द कोणत्या जीवाचा, हा प्रश्न सुटणार नाही.